लहरगुरूच्या अकरा पट्ट्या

फर्निचरच्या दुकानावरच्या सभागृहात त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बुटांचे आणि चपलांचे ढीग होते. खिडक्यांच्या कट्ट्यावर माणसं बसली होती, आणि ज्यांना आत घुसता आलं नव्हतं ते दारात टाचा उंचावून उभे होते. समोरच्या भिंतीवर एक भला मोठा टीव्ही. त्याच्या खाली टेबल, टेबलावर तांब्याची पाटी, पाटीशेजारी पिवळ्या रबरी कव्हरातलं एक यंत्र. आणि यंत्रामागे पांढऱ्या शुभ्र अंगरख्यात लहरगुरू.

"माणूस म्हणजे काय?" लहरगुरूने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "माणूस म्हणजे लहर! हृदयाची एक लहर, यकृताची एक लहर, मेंदूची एक लहर. डॉक्टर रक्त बघतात. अरे, रक्त म्हणजे नुसतं पाणी! लहर कोण बघतो?"

"तुम्ही!" सभागृह ओरडलं.

बेकरीवाल्या काकू पुढे झाल्या. त्यांनी हात तांब्याच्या पाटीवर ठेवला. लहरगुरूने यंत्राचं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर अकरा पट्ट्या उमटल्या. अकराच्या अकरा लाल. सभागृहाने एकदम श्वास आत घेतला. काकूंचा चेहरा पिठासारखा झाला.

"घाबरू नका. सात बैठका करा," लहरगुरू म्हणाला. मग त्याने एका पोस्टमनला बोलावलं. त्याची ती सातवी बैठक होती. "सगळ्यांनी डोळे मिटा. ओठ बंद. नाकातून हुंकार द्या."

सगळ्यांनी डोळे मिटले. दोनशे नाकांतून गुंजारव सुरू झाला. डोळे उघडले तेव्हा पोस्टमनच्या अकरा पट्ट्या पोपटासारख्या हिरव्यागार होत्या. काय त्या टाळ्या! पोस्टमन तर रडायलाच लागला.

त्या गर्दीत ज्या एका बाईने डोळे मिटले नव्हते, ती मी.

मी काही फार धीट आहे म्हणून नव्हे. ते पिवळं यंत्र बघून मला हसू फुटत होतं आणि ते दाबण्याच्या नादात डोळे मिटायचे राहून गेले. गेली चौदा वर्षं मी केबल टीव्हीच्या कार्यालयात नोकरी करते. तसली चाळीस यंत्रं माझ्या कपाटात आहेत. केबलमधून येणाऱ्या टीव्हीच्या सिग्नलची ताकद मोजायचं ते मीटर. आमची माणसं घरोघरी जातात, भिंतीतल्या केबलला ते लावतात, आणि कुठल्या चॅनेलचा सिग्नल धड येतोय, कुठल्याचा नाही, ते बघतात. हृदय आणि यकृत त्यात कुठून येणार?

माझं काम त्या मीटरमध्ये चॅनेलचे तक्ते भरायचं. ते समजायला अवघड नाही. वर्गात मास्तर हजेरी घेतात ना, तसंच. मीटरला आपण एक हजेरीपट लिहून द्यायचा: अमुक जागेवर अमुक चॅनेल, त्याचं नाव हे, आणि त्याची ताकद निदान एवढी तरी हवी. मीटर त्या जागेवर जाऊन हाक मारतं. सिग्नल हजर असला तर हिरवी पट्टी, गैरहजर असला तर लाल. पटावर कुणाचं नाव लिहायचं ते मीटर ठरवत नाही, आपण ठरवतो. आपण ज्या जागेवर काहीच नाही ती जागा लिहून दिली, तर मीटर इमानेइतबारे तिथे जाऊन लाल पट्टी घेऊन येणार. आणि चॅनेलच्या नावाच्या जागी कुणी "हृदय" लिहिलं, तर ते "हृदय" दाखवणार. त्याला काय त्याचं!

लहरगुरूने नेमकं तेच केलं होतं. फक्त आमच्या मीटरमध्ये नाव रोमन लिपीत आणि आठ अक्षरांतच मावतं. त्यामुळे मूत्रपिंडाचं शेपूट कापलं गेलं होतं आणि टीव्हीवर "मूत्रपिन" असं झळकत होतं. एका आजोबांनी भाबडेपणाने विचारलंही, "गुरुजी, ही पिन कुठली?"

लहरगुरू क्षणभरही अडखळला नाही. "ही सूक्ष्म देहातली पिन. डॉक्टरांना ती दिसत नाही."

आजोबांनी मान डोलावली. त्यांच्या मागे बसलेल्या चौघांनी "मूत्रपिन" वहीत उतरवून घेतलं. अकरावी पट्टी तर आणखी मजेशीर होती. तिचं नाव होतं "शेजारीण". म्हणे शेजारणीची वाईट नजर तिथे मोजली जाते. ते नाव मात्र आठ अक्षरांत नेमकं बसलं होतं.

भिंतीतल्या खोबणीतून एक पांढरी केबल निघाली होती, ती गालिच्याखालून टेबलाकडे गेली होती. ती आमचीच केबल. तांब्याच्या पाटीची तार मात्र टेबलाखाली एका खिळ्याला गुंडाळून सोडून दिलेली होती. पट्ट्यांशेजारचे जागांचे आकडेही मला ओळखीचे वाटले. लाल अकरा आकडे आमच्या रिकाम्या पट्ट्यातले, म्हणजे जिथे एकही चॅनेल नाही अशा सलग जागांचे, आणि हिरवे अकरा आमच्या भरलेल्या पट्ट्यातले. आणि "डोळे मिटा" म्हटल्यावर लहरगुरूचा अंगठा काय करतो, तेही मी बघितलं. एका तक्त्यावरून दुसऱ्या तक्त्यावर जायला बटण दोनदा दाबावं लागतं. तो दोनदा दाबत होता.

हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. माझ्या शेजारी माझी ताई बसली होती, तिच्या पलीकडे भाऊजी. भाऊजींनी हात जोडलेले होते, आणि ताईच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांत न बघितलेली आशा होती. मनात म्हटलं, घरी जाऊन शांतपणे सांगू.

ताईला बारा वर्षांपासून फिट येते. गोळ्यांनी ती आटोक्यात आहे. चार वर्षांत एकदाही आली नव्हती. पण गोळ्यांनी डोकं जड राहतं, झोप येत राहते. ताई शाळेचे गणवेश शिवते. दुपारी मशीनवर मान टाकून डुलकी लागते आणि कामं मागे पडतात. त्या गोळ्यांचा तिला मनापासून वीट आला होता. त्यात भाऊजींना कुणीतरी लहरगुरू सुचवला.

घरी आल्यावर मी बोलायला सुरुवात केली. भाऊजींनी मला पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तू वायरी जोडतेस. तुला त्यांची साधना काय कळणार?"

"भाऊजी, ते साधनेचं यंत्र नाही हो. माझ्या कपाटात तसली चाळीस आहेत."

"सुरी डॉक्टरकडेही असते आणि खाटकाकडेही. हात कुणाचा, ते महत्त्वाचं!"

 ताई हळूच म्हणाली, "अगं, बघू तरी दे ना. सात बैठकांनी माझं काय जाणार आहे?"

सातव्या बैठकीला ताईच्या अकराही पट्ट्या हिरव्या आल्या. त्या येणारच होत्या. लहरगुरूने तिच्या डोक्यावर हात ठेवून भर सभेत सांगितलं, "मेंदूची लहर शुद्ध झाली. आजपासून गोळी बंद. गोळी घेतलीत, तर लहर पुन्हा गढूळ होईल."

हे मला कुणीच कळवलं नाही. ताईने गोळ्यांची डबी भाऊजींच्या हातात दिली आणि भाऊजींनी ती कचऱ्यात टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी ताई मशीनवर बाही जोडत होती. मशीन चालू असतानाच तिला फिट आली. सुई अंगठ्याच्या नखातून आरपार गेली आणि ती खुर्चीसकट खाली कोसळली. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून बरं. हो, शेजारणीनेच. जिची वाईट नजर अकराव्या पट्टीत मोजत होते, तिनेच दार ढकललं, ताईला कुशीवर वळवलं, आणि तिला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गेली बारा वर्षं ताईला तपासतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, पण त्या दिवशी चढला.

"गोळ्या अशा एकदम थांबवतात का? ही रस्ता ओलांडत असती तर? गॅसपाशी उभी असती तर? कुणी सांगितलं थांबवायला?"

भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, "गुरुजींना फोन केला होता मी. ते म्हणाले, जुनी लहर बाहेर पडताना धडपड करते. हे शेवटचंच."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मला वाटलं, त्या भाऊजींना आता फाडून खाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे बरी झाली तर त्याचं श्रेय, आणि पडली तर जुन्या लहरीचा दोष. छान सोय आहे."

बाहेरच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. मीटर, तक्ते, गालिच्याखालची केबल. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण तिथे जाऊन तुम्ही नुसतं सांगितलंत, तर कुणाला पटणार नाही. झाल्यावर कारणं सांगायला त्यालाही येतात. तुम्ही आधी सांगा. काय होणार, कधी होणार, ते आधी सांगा, आणि मग ते होऊ द्या."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

आमच्या कार्यालयाच्या फलकावर महिनाभरापासून एक सूचना लागलेली होती. फोनच्या नव्या मनोऱ्यामुळे आमच्या एका पट्ट्यातल्या चॅनेलांमध्ये अडथळा येत होता, म्हणून तो पट्टा रिकामा करून तिथली सगळी चॅनेलं शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात हलवायची होती. लोकांच्या घरचे बॉक्स नवी जागा आपोआप शोधून घेणार होते. मीटरला मात्र तसं जमत नाही, त्याला नवा तक्ता द्यावाच लागतो. ते चाळीस नवे तक्ते मीच बनवत होते. लहरगुरूचे हिरवे अकरा आमच्या जुन्या पट्ट्यात होते आणि लाल अकरा त्याच शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात. मोकळा पट्टा आमच्याकडे तेवढा एकच! टीव्ही बघणारे दुपारी कमी असतात, म्हणून साहेबांनी वेळ ठरवली होती गुरुवारी दुपारी तीनची. लहरगुरूची बैठक गुरुवारी दोनला सुरू व्हायची. योगायोग असतात. त्यांना चमत्कार म्हणायचं नसतं, एवढंच.

त्या गुरुवारी मी आणि डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत बसलो. ताई अंगठ्याला पट्टी बांधून आली होती, आणि तिच्याबरोबर भाऊजी. त्या दिवशी सातवी बैठक होती एका निवृत्त हेडमास्तरांची. हुंकार झाला, अंगठा दोनदा दबला, आणि हेडमास्तरांच्या अकरा पट्ट्या हिरव्यागार झाल्या. टाळ्यांच्या कडकडाटात मी उभी राहिले. घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

"गुरुजी, मला एक भविष्य सांगायचंय."

लहरगुरू हसला. "बघा मंडळी, आता ही बाई भविष्य सांगणार! सांगा, सांगा. लग्न कुणाचं ठरतंय?"

सभागृह खो खो हसलं. मी आवाज मोठा केला. "तीन वाजता या हेडमास्तरांची एकेक पट्टी लाल व्हायला लागेल. पाच मिनिटांत अकराही जातील. आणि ज्यांची पहिली बैठक आहे, ज्यांना आत्ता लाल पट्ट्या येतात, ते सगळे पाच मिनिटांत हिरवे होतील. हेडमास्तर, हात काढू नका."

"मी कशाला काढतो? निरोगी माणूस आहे मी," हेडमास्तर म्हणाले.

आमच्या नियंत्रण कक्षात एक सहकारी आहे. त्याला आम्ही "घड्याळ" म्हणतो, कारण तो एका सेकंदानेही चुकत नाही. त्या दिवशीही तो चुकला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तीनवर आला आणि पहिली पट्टी कोसळली. हृदय.

 मग जठर गेलं. मग यकृत. मग मेंदू. लहरगुरूने बटण चोळलं, यंत्र हलवलं, त्याला चापट मारली. तेवढ्यात मूत्रपिन गेली.

"ही बाई!" तो ओरडला. "हिची लहर दूषित आहे! हिला बाहेर काढा, नाहीतर मास्तरांच्या जिवाला धोका आहे!"

दोघं उठलेही. पण हेडमास्तर हात न काढता खणखणीत आवाजात म्हणाले, "थांबा रे. माझं हृदय बंद पडलंय, मेंदू गेलाय, असं ही पाटी म्हणते. मग आत्ता बोलतोय कोण?"

कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने बाकीच्यांना जणू परवानगी मिळाली. शेवटची शेजारीण लाल झाली तेव्हा निम्मं सभागृह हसत होतं.

मी टेबलापाशी गेले. लहरगुरूने यंत्रावर हात आडवा धरला. डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि थंडपणे म्हणाल्या, "हात लावू द्या. लहर शुद्ध असली, तर बाईच्या हाताने बिघडणार नाही."

मी बटण दोनदा दाबलं. दुसरा तक्ता उघडला. अकराच्या अकरा हिरव्या! "हा आजाऱ्यांचा तक्ता आहे. आता आजारी सगळे ठणठणीत." मग मी हेडमास्तरांचा हात बाजूला केला, जिन्यावरून कुणाचातरी बूट मागवला आणि तो तांब्याच्या पाटीवर ठेवला. पट्ट्या हिरव्याच राहिल्या.

"बुटाचं हृदय उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृतही."

बूट उचलला. पाटी नुसतीच. तरी हिरवं. मग मी गालिचा उलटला, पांढरी केबल वर काढली आणि यंत्रापासून सोडवली. सगळं लाल. पुन्हा लावली, सगळं हिरवं. पाटीची तार कुठेच लावलेली नाही, हे मी टेबलाखाली वाकून लोकांना दाखवलं. टीव्हीच्या पडद्यावर वरच्या ओळीला काळी चिकटपट्टी लावलेली होती. तिथे तक्त्याचं नाव येतं. मी खुर्चीवर चढून ती नखाने सोलली. उघडलेल्या तक्त्याचं नाव होतं "रोगी". बटण दोनदा दाबलं, तर "निरोगी".

एवढं स्वच्छ लिहून ठेवलं होतं बापड्याने. त्याचा स्वतःचाच गोंधळ होऊ नये म्हणून.

"हे टीव्हीचा सिग्नल मोजायचं यंत्र आहे," मी सांगितलं. "हृदयाच्या नावाखाली तुम्ही बातम्यांचं चॅनेल बघत होतात. आणि मेंदू म्हणजे कार्टून."

मला वाटलं होतं, आता लोक चिडतील. काही चिडलेही. पोस्टमनने तर पुढे येऊन लहरगुरूच्या अंगरख्याचा गळा धरला. डॉक्टरीणबाईंनी त्याला मागे ओढलं आणि पोलिसांना फोन लावला. पण बेकरीवाल्या काकू लहरगुरूजवळ जाऊन अगदी हळू आवाजात विचारत होत्या, "गुरुजी, ते सगळं ठीक आहे. पण माझ्या चुकलेल्या तीन बैठका कधी होणार?"

ते ऐकून मला जेवढा राग आला, तेवढा लहरगुरूचाही आला नव्हता. पण काकूंच्या पायांना सहा महिने सूज आहे, हे मला नंतर कळलं. त्यांना कुणीतरी "बरं होईल" म्हणायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात बोलावलं आणि तपासलं. बरं होईल की नाही, हे तपासल्यावर सांगितलं, आधी नाही.

लहरगुरू याआधी आठ महिने दुसऱ्या एका गावात केबलची जोडणी करत होता, हे चौकशीत बाहेर आलं. उपचाराच्या नावाखाली फसवणूक केल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ताईचा अंगठा आणि तिचे दवाखान्याचे कागद हा त्यातला पहिला पुरावा.

भाऊजी घरी आल्यावर चपलाही न काढता परत फिरले. मग औषधाच्या दुकानात जाऊन नव्या गोळ्या घेऊन आले आणि ताईच्या हातात डबी दिली. माफी मागायची त्यांना सवय नाही, पण पाण्याचा पेला त्यांनी स्वतः आणला. ताईने गोळी घेतली आणि माझ्याकडे वळली.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

 तुला वाईट वाटेल, भाऊजी रागावतील, लोक हसतील, अशी कारणं होती. तिच्या अंगठ्यापुढे त्यातलं एकही टिकत नाही. अंगठा आता पूर्ण वाकत नाही. बाही जोडताना तिला तिसरं बोट वापरावं लागतं.

म्हणून हे लिहिते आहे. यंत्र दिसलं, आकडे दिसले, पट्ट्या चमकल्या, की आपल्याला वाटतं हे विज्ञान. पण आकड्यामागे माणूस असतो. हे काय मोजतंय, कशाशी जोडलंय, तक्ता कुणी भरला, पाटीवर बूट ठेवला तर काय होतं, हे बिनधास्त विचारा. खरा डॉक्टर, खरा कारागीर अशा प्रश्नाने रागावत नाही, तो समजावून सांगतो. जो रागावतो, जो तुमची लहर दूषित ठरवतो, त्याच्या हाती घरच्या माणसाची औषधं देऊ नका. आणि तुम्हाला खोट कळलेली असेल, तर घरी जाऊन सांगू म्हणून थांबू नका. तिथेच उभं राहून बोला.